दादाने चालू केलेलं घड्याळ

सौ. वहिनींना धाकट्या दिराचा साष्टांग नमस्कार.

आधी ताजी खबर. घड्याळ अजून चालूच आहे. किल्लीवाल्या बाईंनी आत्ताच फोन करून तसं सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज पडलेला होता, असं आमच्या कन्येचं म्हणणं. (बाईंची भाषा आमच्यात फक्त तिला कळते. ती इथे नोकरीला आहे म्हणूनच तर ही सहल निघाली.) दादा सुखरूप आहे. त्याला अटक झालेली नाही, त्याचा पासपोर्ट कुणी काढून घेतलेला नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण काल तुमच्या जाऊबाईंनी फोनवर "भाऊजींनी घात केला हो!" एवढंच सांगून रडत फोन ठेवला, आणि तेव्हापासून तुमच्याकडे काय काय तर्क लढवले गेले असतील याची मला कल्पना आहे. घात झालाय खरा. पण तो दादाने एकट्याने केलेला नाही, त्यात अर्धा वाटा माझा आहे.

तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करता की आम्ही नाही म्हणून सुट्टी दिली आहे? ऑपरेशनमुळे तुम्हाला येता आलं नाही याची इथे रोज हळहळ होते, आणि रोज बरंही वाटतं. या देशात जी वस्तू जुनी तिला पायऱ्या आहेत. किल्ल्याला पायऱ्या समजू शकतो, पण इथे तळघर पाहायलाही आधी वर चढावं लागतं. तुम्ही पहिल्याच गावात बाकावर बसला असता आणि तुमच्याशेजारी तुमच्या जाऊबाई बसल्या असत्या. त्या "दगडच बघायचे तर आपल्याकडे काय कमी होते?" हे वाक्य प्रत्येक गावात नव्याने म्हणतात. पण खरं सांगायचं तर तुम्ही नव्हता याचं आज फार वाईट वाटतंय. तुम्ही असता तर हे झालंच नसतं. (फोनवर का सांगत नाही, असं म्हणाल. दादा याच खोलीत आहे आणि भिंतीकडे तोंड करून पडला आहे. म्हणून लिहितो आहे. पानांचे फोटो कन्या शेजारच्या मुलीच्या मोबाइलवर पाठवील. तिला क्रमाने वाचून दाखवायला सांगा. मागच्या पत्रात तिने शेवटचं पान आधी वाचल्यामुळे पत्रातले आम्ही विमानात बसण्याआधीच तुम्ही आमच्या परतण्याची तयारी सुरू केली होती.)

निघताना स्टॅंडवर तुम्ही मला बाजूला घेऊन सांगितलं होतंत, "भाऊजी, यांना घड्याळापाशी एकटं सोडू नका." मी हसलो होतो. मला वाटलं, बायको नवऱ्याची काळजी करते तसलंच काहीतरी. आता ते वाक्य झोपेत ऐकू येतं.

पहिले काही दिवस मजेचेच होते. कन्येने सगळा कार्यक्रम आखला होता: एक भाड्याची गाडी, तिचा अबोल ड्रायव्हर, रोज एक जुनं गाव, आणि प्रत्येक गावात निदान एक राजा मेलेला. दादाला राजांचं काही नव्हतं. राजाचा पलंग, राजाची तलवार, राजाच्या राणीचा आरसा यांवरून त्याची नजर भाजीबाजारातून जावी तशी जायची आणि कोपऱ्यातल्या घड्याळावर टेकायची. "राजाचं घड्याळ मागे आहे," एवढाच त्याचा इतिहास. तुम्हाला फोटो मिळाले असतीलच. एकाही फोटोत दादा कॅमेऱ्याकडे बघत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तो जिकडे बघतोय तिकडे घड्याळ आहे.

बघण्यावर थांबला असता तर ठीक होतं. पण पहिल्याच हॉटेलात स्वागतकक्षातलं भिंतीवरचं घड्याळ बंद होतं. आपल्या घरातला आजोबांपासूनचा नेम तुम्हाला मी काय सांगू? बंद घड्याळ भिंतीवर ठेवायचं नाही. आपल्या घड्याळांच्या दुकानात दुरुस्तीला आलेलंसुद्धा दादा तोंड भिंतीकडे करून ठेवतो, आजाऱ्याला चारचौघांत बसवू नये म्हणून. तर त्या घड्याळाखाली बसून त्याला चहा जाईना. शेवटी त्याने खुर्ची ओढली, चष्म्याच्या घरातून चिमटा आणि तेलाची इवलीशी बाटली काढली (विमानतळावर ती कशी सुटली, देव जाणे), आणि आमच्या बॅगा खाली येईपर्यंत घड्याळ चालू केलं. हॉटेलवाला इतका खूष झाला की त्याने दादाला मिठी मारली. दादा दिवसभर लाजत होता. पुढच्या गावात न्हाव्याचं दुकान, त्याच्या पुढच्या गावात रेल्वेचं प्रतीक्षालय. सगळीकडे आभार, हस्तांदोलनं, आमच्याबरोबर फोटो. मीही फुशारलो. कन्येला म्हणालो, लोक परदेशात येऊन वस्तू घेतात, तुझा काका उपकार करत चाललाय. वहिनी, माणसाचं कौतुक होत असताना त्याला आवरावं, ते सोडून मी टाळ्या वाजवत होतो.

काल दुपारी आम्ही या गावात आलो. गाव नदीकाठी, गल्ल्या इतक्या अरुंद की समोरच्या घरात कुणी शिंकलं तर इकडून रुमाल पुढे करावा. तिथे एक जुनं व्यापाऱ्याचं घर आहे. ते आता गावाने जपून ठेवलंय. खाली दाराशी किल्लीवाल्या बाई बसतात. घर उघडणं, झाडणं, तिकिटं देणं, सगळं त्याच. दारातच एक पाटी होती. कन्येने ती वाचून दाखवायला सुरुवात केली, तोवर मी जिन्याच्या तीन पायऱ्या चढलोही होतो. पाट्या ऐकून ऐकून कंटाळलो होतो ना. दादा माझ्यामागे आला. पाटी ऐकली ती एकट्या तुमच्या जाऊबाईंनी, त्याही ऐकताना पाय चेपत होत्या.

वर दिवाणखान्यात एक उभं घड्याळ आहे, दादाच्या डोक्यापेक्षा उंच. काळं लाकूड, पितळेचा लंबक, साखळ्यांना लोंबकळणारी वजनं. पुढे कमरेइतक्या उंचीवर एक दोरी बांधलेली. आणि घड्याळ बंद. काटे दहाला दहा कमी दाखवत होते.

"हे का रे बंद?" दादाने विचारलं.

वहिनी, आता माझं ऐका. "मला माहीत नाही" हे उत्तर जगात आहे. मी तेच द्यायचं होतं. जन्मभर वर्तमानपत्रात बसून दुसऱ्यांच्या बातमीवर "कुणी सांगितलं?" असं लाल पेनाने लिहिणारा मी म्हणालो, "असेल बिघडलेलं. जुनंच आहे."

"मग दुरुस्त नाही करत?"

"इकडे कारागीर मिळत नसेल."

दोन्ही वाक्यं माझ्या मनची. आणि ती बोलून मी खिडकीशी गेलो, गल्लीचा फोटो काढायला.

मागे काय झालं ते मी पाहिलं नाही. दादाने नंतर सांगितलं की बिघाड असा काहीच नव्हता. घड्याळाचा एक पाय जरा खाली गेला होता, त्याने तिकिटाची घडी करून पायाखाली सरकवली, काटे बरोबर वेळेवर आणले आणि लंबकाला बोट लावलं. (दोरीचं काय, असं विचारलं तर म्हणाला, "दोरी पोरांसाठी असते.") टिकटिक सुरू झाली. ती मी ऐकली नाही का, असं तुमच्या जाऊबाईंनी मला कालपासून चारदा विचारलंय. ऐकली ना! पण आपल्या घरात वाढलेल्या माणसाला टिकटिक म्हणजे शांतता. मला उलट बरंच वाटलं, घरात असल्यासारखं. मग टोले पडले. खर्जातले, सावकाश. खिडकी उघडीच होती.

समोरच्या घरात काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग दार. मग दगडांवर पावलं. या घराच्या जिन्यात कठड्याला धरून धरून कुणीतरी वर यायला लागलं. एक आजी. फार म्हाताऱ्या, अर्धे केस विंचरलेले, फणी हातातच, एका पायात सपात आणि दुसरा पाय तसाच. दारात उभ्या राहून त्यांनी दादाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, दाराच्या मागे पाहिलं आणि एवढंसं काहीतरी विचारलं. मागून धापा टाकत आलेल्या कन्येने ते मला सांगितलं: "ती कुठे आहे, असं विचारतायत."

दादाला वाटलं कौतुक चाललंय. आतापर्यंत तेच झालं होतं ना सगळीकडे! तो तोंडभर हसून म्हणाला, "आजी, झालं बघा चालू! काही नव्हतं हो, नुसता पाय खचला होता." आजींना शब्द कळले नाहीत, सूर कळला. त्यांनी दादाचा हात दोन्ही हातांत धरला आणि त्याही हसल्या. क्षणभर त्या खोलीत दोघंही इतकी आनंदात होती की मी फोटो काढला. तो फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे. पुसवतही नाही, बघवतही नाही. मग किल्लीवाल्या बाई वर आल्या आणि दारातच तोंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

पाटीवर काय लिहिलं होतं ते आम्हाला त्यानंतर कळलं. लढाईच्या काळात या घरातल्या माणसांना एका सकाळी गाव सोडावं लागलं. निघताना घरधन्याने लंबक हाताने धरून थांबवला आणि समोरच्यांना सांगितलं, आम्ही परत आलो की आम्हीच चालू करू, तुम्हाला ऐकू येईलच. त्या घरातली धाकटी मुलगी आणि समोरच्या या आजी, दोघी एकत्र खेळायच्या. पुढे कुणीच परत आलं नाही. काय झालं त्याचा पत्ता नाही. गावाने घड्याळ तसंच ठेवलं. आणि वहिनी, दरवर्षी त्याला तेल घालतात. का, तर ती माणसं आली आणि घड्याळ चाललं नाही तर कसं दिसेल! दादा हे ऐकून जिन्यात बसला. "तरीच," म्हणाला. "तरीच म्हटलं, बंद घड्याळ इतकं स्वच्छ कसं." मग म्हणाला, "मला वाटलं बिघडलंय. तू म्हणालास ना." रागाने नाही म्हणाला. रागाने म्हणाला असता तर मी भांडलो असतो आणि दोघांचं निभावलं असतं.

संध्याकाळी घराची व्यवस्था बघणारी गावातली मंडळी जमली. आम्ही चौघं अपराध्यासारखे भिंतीला लागून उभे. कुणी ओरडलं नाही. कुणी ओरडलं असतं तर आपणही ओरडलो असतो, ती आपल्याला सवय आहे. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा दिला. एकाने दादाला विचारलं की घड्याळ रोज किती मागे पडेल, आणि दादाने खालमानेने "पडणार नाही" असं सांगितलं. ठरलं असं की घड्याळ पुन्हा दहाला दहा कमीवर थांबवायचं. काटे ओढूनताणून फिरवायचे नाहीत, ते मिनिट खरंखुरं येऊ द्यायचं. सकाळचंच, कारण ती माणसं सकाळी गेली आणि आजी दिवेलागणीलाच झोपतात. थांबवणार कोण? मी ताबडतोब पुढे झालो. किल्लीवाल्या बाई म्हणाल्या, मी करते. पण आजींनी मान हलवली आणि दादाकडे बोट केलं. कन्येने त्यांचं बोलणं सांगितलं ते असं: "याने थांबवलं तर मी समजेन, हा चुकून आला होता. दुसऱ्या कुणी थांबवलं तर मला वाटत राहील, ती आली आणि मला न भेटता निघून गेली."

तर आज सकाळी सगळे जमलो. दादाने पहाटे उठून दाढी केली, कोट घातला. आजींना खुर्चीवर बसवलं होतं, केस आज नीट विंचरलेले. काटा जवळ आला. दादाने घड्याळाचं दार उघडलं, हात आत घातला. लंबक त्याच्या बोटांना वारा घालून गेला, परत आला, परत गेला. हात मागे आला. पुन्हा पुढे. पुन्हा मागे. तुमच्या जाऊबाई माझ्या कानात म्हणाल्या, "अहो, धरायचं नि थांबवायचं! म्हैस आहे का ती?" तेवढ्यात मिनिट गेलं. आम्ही तसेच उभे राहिलो, घड्याळाने दहाचे टोले दिले, आजींनी ते डोळे मिटून ऐकले. मग त्यांनी दादाच्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, उद्या.

खोलीत आल्यापासून दादा भिंतीकडे तोंड करून आहे. मी चिडलो, समजावलं, पाय दाबून दिले. एकदाच बोलला. "बंद पडलेलं चालू करायचं शिकलोय रे मी. दुसरं काही शिकलो नाही. हात जात नाही." उद्या दुपारी आमचं विमान आहे. उद्या सकाळी दादाच्या हातून झालं नाही तर आम्हाला निघावं लागेल, आणि तो म्हणतो त्याप्रमाणे वजनं जमिनीला टेकली की घड्याळ आपोआप थांबेल, भलत्याच कुठल्यातरी वेळेला. मग ते खरोखर बंद पडलेलं घड्याळ होईल. आणि समोरच्या खिडकीत बसलेल्या आजींना कायमचं वाटत राहील की कुणीतरी आलं होतं आणि गेलं. हे सगळं मी एका फुकटच्या वाक्याने केलं. राजवाडे, किल्ले, पूल, सगळं पाहिलं आम्ही. एक पाटी ऐकायची राहिली.

गुडघ्याला जपा. घरातल्या थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि शेजारच्या मुलीला हे वाचून दाखवल्याबद्दल एक मोठं चॉकलेट आणतो आहे.

तुमचा
भाऊजी

ता. क. इथे काहीतरी आठवलं असं दाखवायची रीत आहे, पण मी मुळात एवढंच लिहायला बसलो होतो. वहिनी, आपल्या घरात चालतं घड्याळ थांबवणारं माणूस एकच आहे, आणि ते तुम्ही. दुपारी पडायच्या आधी तुम्ही दुकानात जाता आणि त्या मोठ्या, घसा बसलेल्या घड्याळाचा लंबक दोन बोटांनी धरता. दादा वर्षानुवर्षं कुरकुरतो, तुम्ही वर्षानुवर्षं धरता. धरताना त्याला काहीतरी म्हणताही. "पड रे बाबा जरा, तूही दमलास," असं काहीसं. मी दाराआडून कितीदा ऐकलंय. मी दादाला काय शिकवणार? तुम्ही शिकवा.

ता. क. दुसरा. तुमच्या जाऊबाईंनी पत्र वाचलं. अर्धा वाटा नाही, पाऊण लिहा, असं त्यांचं म्हणणं. दुरुस्ती मान्य.

ता. क. तिसरा. दादाने आत्ता कूस वळवून विचारलं, कुणाला लिहितोयस? म्हटलं, वहिनींना, किल्ल्याविषयी. म्हणाला, "गुडघ्याचं विचार. घड्याळाचं काही कळवू नकोस, उगाच काळजी करत बसेल." तेव्हा तुम्हाला यातलं काही माहीत नाही. किल्ला छान होता.

इथे सकाळी दहाला दहा कमी होतात तेव्हा तुमच्याकडे दुपार असते, तुमची पडायची वेळ. उद्या तुम्ही काठी टेकत त्या मोठ्या घड्याळापाशी जाल, तेव्हा कन्येचा फोन येईल. तो मोठ्या आवाजावर ठेवलेला असेल, कारण आजींनाही ऐकायचं आहे. भाषेचं कन्या बघून घेईल. तुम्ही दादाशी काही बोलू नका, रोज जे घड्याळाला म्हणता तेवढंच म्हणा. इकडे त्याचा हात पुढे गेलेला असेल.